बॅट चॅम्पियनची, हात आपला

जळगाव असो की धुळे, संध्याकाळी सहानंतर जिथे टेबल टेनिसचे टेबल मांडलेले असते तिथे थोडा वेळ उभे राहून पाहावे. क्रीडा संकुलाचा हॉल, कॉलेजचा जिमखाना, बँकेची किंवा सरकारी कार्यालयाची करमणुकीची खोली, भुसावळची रेल्वे वसाहत, कुठेही चित्र तेच दिसते. खेळणारे दहा जण असतील तर दहा जणांचा खेळ दहा तऱ्हेचा. कुणी नुसते पुश करतो, कुणी प्रत्येक चेंडूवर स्मॅश मारायला धावतो, कुणाचे पोट सुटलेले, कुणाचा गुडघा दुखरा. पण बॅगेतून बॅटा बाहेर आल्या की नावे मात्र दोन-तीनच. नवा माणूस आला की त्याला 'किती वर्षे खेळता?' हे नंतर विचारतात. आधी विचारतात, 'कोणतं रबर लावलंय भाऊ?'

हौशी खेळाडू लोकप्रिय वस्तूच का निवडतो, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण त्यात पैसा आहे, मनाचा खेळ आहे आणि शरीराशी थेट संबंध असलेल्या काही गोष्टीही आहेत. चाळिशी-पन्नाशीत वजन, साखर, रक्तदाब आटोक्यात ठेवण्यासाठी हा खेळ उत्तम. चढाओढ न करता खेळले तरी तो मध्यम तीव्रतेचा व्यायाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटे असाच व्यायाम सुचवला आहे. वर ऊन नको, पाऊस नको, मोठे मैदान नको. उन्हाळ्यात ४४-४५ अंशांत भाजून निघणाऱ्या खान्देशात छपराखाली खेळता येणारा खेळ हे मोठेच सुख. अशा खेळातून माणूस खांदा धरून बाहेर पडतो किंवा कंटाळून खेळणेच सोडतो, तेव्हा त्याच्या हातात कोणती बॅट होती, हे विचारणे डॉक्टरच्याही कामाचे ठरते.

बॅटमध्ये असते काय?

आधी वस्तू समजून घेऊ. बॅटचा लाकडी भाग म्हणजे ब्लेड. नियमानुसार त्याच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा हवा. उरलेल्या जागेत कार्बनसारख्या धाग्यांचा पातळ थर घालता येतो. अशा थराने ब्लेड कडक होते आणि चेंडू झटकन सुटतो. ब्लेडच्या दोन्ही बाजूंना रबर चिकटवतात. हल्लीच्या बहुतेक रबरांत खाली स्पंज आणि वर रबराची चादर असते. दोन्ही मिळून, गोंदासकट, जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. तयार बॅटचे वजन साधारण १८० ते १९० ग्रॅम भरते, म्हणजे जवळजवळ आपल्या मोबाइलएवढे.

चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा आणि अवघा २.७ ग्रॅम वजनाचा. तो रबरावर टेकतो तो काळ सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यात रबर त्याला पकडते, दाबते, फिरवते आणि फेकते. रबर जितके पकड घेणारे, तितका चेंडू जास्त फिरवता येतो. पण हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. पकड घेणारे रबर जसे तुमची फिरकी चेंडूला देते, तसे समोरच्याची फिरकीही स्वतःवर चढवून घेते. म्हणून नवशिक्याने महागडे रबर लावले की समोरच्याची साधी सर्व्हिससुद्धा त्याच्या बॅटवरून वर उडते. तो म्हणतो, 'आज हात बसत नाहीये.' खरे तर रबर आपले काम चोख करत असते. अजून तयार नसतो तो हात.

मुंबईत घडलेला चमत्कार

मग चॅम्पियनच्या बॅटकडे पाहणारे सगळे भाबडे म्हणायचे का? नाही. बॅटमुळे खेळ बदलल्याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे. १९५२ च्या फेब्रुवारीत टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली. ही स्पर्धा आशियात होण्याची ती पहिलीच वेळ. तोवर जग गाठी असलेल्या साध्या रबराच्या बॅटने खेळत होते. त्या बॅटवर चेंडू 'टक्' वाजायचा आणि त्या आवाजावरून समोरच्याला फटक्याचा अंदाज यायचा. जपानचा हिरोजी सातो मात्र जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. चष्मा लावणारा, अंगाने किरकोळ खेळाडू. त्याच्या बॅटचा आवाजच येईना आणि चेंडू अपेक्षेपेक्षा वेगळ्या वेगाने परत येई. भलेभले गोंधळले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून सातो जगज्जेता झाला.

पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. १९५४ ते १९५७ या चारही वर्षी पुरुष एकेरीचे विजेतेपद जपानकडे राहिले. स्पंज जगभर पसरला आणि १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाला बॅटच्या जाडीवर मर्यादा घालणारे नियम करावे लागले. पण खुद्द सातो पुन्हा कधी जगज्जेता झाला नाही. बॅटच्या नवलाईचा फायदा ती नवी असेपर्यंतच टिकला. सगळ्यांच्या हातात स्पंज आल्यावर पुन्हा ज्याचा हात आणि पाय चांगले, तोच जिंकू लागला. ओगिमुरा आणि तानाका यांनी जपानला पुढची विजेतेपदे मिळवून दिली ती स्पंजाच्या जोडीला मेहनत होती म्हणून.

यातला अर्धाच भाग आपल्या लक्षात राहतो. चॅम्पियन काय वापरतो ते पाहावे, हे आपण शिकलो. सगळ्यांकडे तेच आले की त्यातून मिळणारी आघाडी संपते, हे विसरलो.

रांग पाहून दुकान ठरवणे

लोकप्रिय वस्तूकडे वळण्यामागे एक शहाणपणाचे कारण आहे आणि त्यावर अर्थशास्त्रात नाणावलेला अभ्यास झाला आहे. २०१९ चे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी, माहेरच्या पाटणकर. १९९२ साली त्यांनी कळपाच्या वागण्यावर एक निबंध लिहिला. त्यातले उदाहरण असे. शेजारी-शेजारी दोन हॉटेले आहेत. शंभर माणसांपैकी ९९ जणांच्या कानावर आले आहे की दुसरे हॉटेल चांगले. एकाच्या कानावर उलटे आले आहे. दोन्हींच्या जुन्या लौकिकात पहिले हॉटेल अगदी केसभर सरस. आता तो एकटा माणूस सर्वांत आधी आला आणि पहिल्या हॉटेलात शिरला. मागून येणारा विचार करतो, 'याला काहीतरी माहीत असणार.' त्याची माहिती आणि स्वतःची माहिती एकमेकींना छेद देतात, मग तो जुन्या लौकिकावर जाऊन पहिलेच हॉटेल धरतो. तिसरा दोघांना पाहून आत जातो. शेवटी शंभरही जण पहिल्या हॉटेलात आणि चांगले हॉटेल रिकामे! यात कुणीही मूर्खपणा केलेला नाही. प्रत्येकाने हाती असलेल्या माहितीवर योग्यच विचार केला. पण पहिल्या दोघांनंतर कुणाची स्वतःची माहिती वापरलीच गेली नाही.

खान्देशाला हे समजावून सांगायची गरज नाही. मे-जूनमध्ये कापसाच्या एखाद्या विशिष्ट वाणासाठी कृषी केंद्रांपुढे लागणाऱ्या रांगा आपण पाहतो. एकाच वाणाचा आग्रह धरू नका, असे कृषी विभाग सांगत राहतो आणि रांग वाढत राहते. तेलंगणातल्या वारंगळ भागात ग्लेन स्टोन या मानववंशशास्त्रज्ञाने कापसाच्या बियाण्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गावागावांत एखादे वाण अचानक 'चालते' आणि काही हंगामांत मागे पडते, पण त्या लाटेमागे शेतकऱ्यांनी स्वतः केलेली तुलना फारशी नसते, असे त्याला दिसले. कारण उघड आहे. वाणे भराभर बदलतात, एका हंगामाला एकच निकाल मिळतो आणि तो निकाल पावसाचा, जमिनीचा की बियाण्याचा, हे वेगळे काढता येत नाही. मग माणूस शेजाऱ्याच्या शेताकडे पाहतो.

बॅटचे नेमके तसेच आहे. आपल्याकडे चार प्रकारची रबरे लावून पाहा आणि मग घ्या, अशी सोय नाही. रबर मापाने कापून चिकटवले की परत करता येत नाही. नव्या रबराशी हात जुळायला दोन-चार आठवडे जातात. तेवढ्यात खेळ सुधारला तर तो रबराने, सरावाने की समोरचा प्रतिस्पर्धी बदलल्याने, हे कोण सांगणार? म्हणून हॉलमधला सर्वांत चांगला खेळाडू जे वापरतो ते मागवले जाते.

या निवडीचे काही फायदे खरेच आहेत, तेही नोंदवायला हवेत. लोकप्रिय रबर दुसऱ्या दिवशीही मिळते. त्याबद्दल चार अनुभवी माणसे बोलू शकतात. नको झाले तर हॉलमध्येच कुणीतरी विकत घेतो. सरांना त्याचे वागणे ठाऊक असते, त्यामुळे चूक हाताची आहे की रबराची, हे त्यांना चटकन कळते. वर्षानुवर्षे टिकलेल्या नावामागे बरेचदा खरी गुणवत्ता असतेच. लोकप्रिय वस्तू वाईट नसते. ती कुणासाठी चांगली, एवढेच तिच्या लोकप्रियतेवरून कळत नाही.

मनाची मात्रा

दुसरे कारण मनाचे. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४१ विद्यार्थ्यांना गोल्फचा चेंडू खळग्यात ढकलायला सांगितले. काठी सगळ्यांना सारखीच. पण काहींना सांगितले, 'ही काठी एका नामांकित व्यावसायिक खेळाडूने वापरलेली आहे.' या गटाला खळगा आकाराने मोठा वाटला आणि त्यांचे चेंडूही जास्त पडले.

औषधांतही हेच दिसते. २००८ च्या एका अभ्यासात ८२ निरोगी स्वयंसेवकांच्या मनगटाला विजेचे सौम्य झटके दिले आणि नवे वेदनाशामक म्हणून गोळी दिली. गोळीत औषध नव्हतेच. निम्म्यांना तिची किंमत अडीच डॉलर सांगितली, निम्म्यांना सवलतीत दहा सेंट. महाग गोळीच्या गटात सुमारे ८५ टक्क्यांना वेदना कमी झाल्याचे जाणवले, स्वस्त गोळीच्या गटात ६१ टक्क्यांना. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत बसणाऱ्याला याचे नवल वाटत नाही. 'गोळ्या नको साहेब, एक सलाईन लावा, शेजारच्याला त्यानेच बरं वाटलं,' हे वाक्य तिथे रोजचे आहे.

तेव्हा महागड्या रबराने पहिल्या आठवड्यात खेळ सुधारल्यासारखा वाटला, तर तो अनुभव खोटा नाही. आत्मविश्वासाने हात मोकळा सुटतो. फक्त विश्वासामुळे मिळालेला फायदा आणि वस्तूमुळे मिळालेला फायदा यांत फरक आहे. विश्वास पुढच्या नव्या रबराच्या जाहिरातीपर्यंतच टिकतो.

शरीराचा हिशेब

आता डॉक्टरचा भाग. डोळ्याने चेंडू पाहून हात हलवायला सुरुवात होईपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातो. वय वाढते तसा तो थोडा वाढतो. दोन खेळाडूंमधले अंतर ४ मीटर धरू. चेंडू ताशी ३६ किलोमीटर वेगाने आला तर ०.४ सेकंदात पोहोचतो. पहिले ०.२ सेकंद वजा केले तर हात हलवायला ०.२ सेकंद उरतो. आता दोघांनीही वेगवान बॅटा घेतल्या आणि चेंडूचा वेग ताशी ५४ किलोमीटर झाला. तो ०.२७ सेकंदात येणार. हात हलवायला उरले ०.०७ सेकंद. हिशेब ढोबळ आहे, हवेचा अडथळा आणि टप्पा त्यात धरलेला नाही. पण मुद्दा स्पष्ट होतो. वेग दीडपट झाला आणि हाताला मिळणारा वेळ एक तृतीयांशावर आला.

व्यावसायिक खेळाडू ही तूट समोरच्याच्या खांद्याची आणि मनगटाची हालचाल आधीच ओळखून भरून काढतो. त्यामागे लहानपणापासूनचा रोज काही तासांचा सराव असतो. ऑफिस सुटल्यावर तासभर खेळणाऱ्याकडे ती आगाऊ सूचना नसते. मग तो पाय न हलवता हात फेकतो. कंबर आणि पायातून यायचा जोर खांदा आणि कोपरातून काढतो. चेंडू टेबलाबाहेर जाऊ नये म्हणून बॅट घट्ट आवळतो. ही घट्ट मूठ दिवसेंदिवस चालली की कोपराच्या बाहेरच्या बाजूला, जिथे मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा हाडाला चिकटते, तिथे दुखू लागते. यालाच टेनिस एल्बो म्हणतात. तो साधारण पस्तिशी ते पंचावन्नच्या दरम्यान जास्त आढळतो, म्हणजे नेमका आपल्या हौशी खेळाडूंच्या वयात. मधुमेह असलेल्यांना खांदा आखडण्याचा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो. त्यांनी खांद्यावर असा उलटसुलट ताण घेणे म्हणजे आगीत तेल.

गंमत म्हणजे रबरावर हजारो रुपये घालणारा माणूस फरशीवर झिजलेल्या चपटपणाच्या बुटात, कधी तर अनवाणीही खेळतो. या खेळात पाय सतत आडवा सरकतो. बूट घसरला की घोटा मुरगळतो, गुडघा पिळवटतो. घट्ट पकडणारा, सपाट तळाचा इनडोअर बूट ही हौशी खेळाडूची पहिली खरेदी असायला हवी. पण बुटाकडे समोरच्याचे लक्ष जात नाही, म्हणून तो लोकप्रिय होत नाही.

गोंदाविषयीही सांगायला हवे. एके काळी सामन्याआधी दर वेळी ताजा, टोल्युइनसारखे द्रावक असलेला गोंद लावण्याची पद्धत होती. त्याने स्पंज फुगून बॅट वेगवान होई. या वाफा श्वासातून आत गेल्या की डोकेदुखी, चक्कर, मळमळ होते. दीर्घकाळ संपर्क राहिला तर मज्जासंस्थेला इजा पोहोचू शकते. म्हणून २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर अशा गोंदांवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. चॅम्पियनांनी सोडलेली ही सवय आपल्याकडे वेगळ्या रूपात दिसते. रबर चिकटवायला सायकल-पंक्चरचे सोल्युशन वापरतात आणि तेही बंद खोलीत मुलांना जवळ बसवून. तसे करू नये. पाण्यात बनवलेला गोंद मिळतो, तोच घ्यावा.

वेगळी वाट

सगळ्यांसारखे न खेळूनही शिखर गाठता येते, याचे उदाहरण मनिका बत्रा. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिने महिला एकेरीचे सुवर्ण जिंकले. तिच्या बॅकहँडला लांब गाठींचे रबर असते. ते फारशी फिरकी निर्माण करत नाही, पण समोरच्याचीच फिरकी उलटी करून परत पाठवते. अव्वल खेळाडूंत ही निवड दुर्मिळ आहे. पण तिचे नाव सांगून उद्या हॉलमधल्या सगळ्यांनी लांब गाठीच लावल्या, तर तो पुन्हा तोच कळप. तिच्या रबरामागे वर्षानुवर्षांचा ठरवून केलेला सराव आहे. घ्यायचे असेल तर 'माझ्या खेळाला काय जुळते?' हा प्रश्न तेवढा तिच्याकडून घ्यावा.

मग करावे काय?

पहिले, नवशिक्याने आणि पन्नाशीनंतर सुरुवात करणाऱ्याने पाच थरांचे साधे लाकडी ब्लेड आणि मध्यम जाडीचे, फार वेगवान नसलेले रबर घ्यावे. चेंडू टेबलावर जास्त पडतो, रॅली लांबते आणि व्यायामही जास्त होतो.

दुसरे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ब्लेड, दोन्ही रबरे आणि सर्व्हिसची पद्धत एकदम बदलली तर कशाने काय झाले ते कळत नाही. औषधांतही आम्ही शक्यतो हेच पाळतो.

तिसरे, उधार मागून पाहा. हॉलमध्ये संकोच नको. मुठीवरचे नाव चिकटपट्टीने झाकून दोन बॅटांनी प्रत्येकी पन्नास चेंडू खेळा. किती टेबलावर पडले, ते मित्राला मोजायला सांगा. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून पुन्हा मोजा. शास्त्रज्ञ औषधाची परीक्षा जवळपास अशीच करतात. 'मस्त वाटतंय' यापेक्षा आकडा खरे बोलतो.

चौथे, बॅट गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्या उन्हात रबर लवकर मरते. ते पुसून, झाकून, घरात ठेवलेले मध्यम किमतीचे रबर डिकीत भाजलेल्या महाग रबरापेक्षा केव्हाही बरे.

पाचवे, पालकांसाठी. मुलगा जिल्हा पातळीवर हरला की 'त्याच्याकडे भारी बॅट होती' असे घरात बोलले जाते. मग कर्जाऊ बॅट येते आणि मुलावर ती वसूल करण्याचे ओझे. तोच पैसा चांगल्या बुटांना, सरांच्या फीला आणि जळगाव-धुळ्याबाहेरच्या दोन-चार स्पर्धांच्या प्रवासाला लावला, तर मुलाला जास्त मिळते. वाढत्या वयात जड आणि कडक बॅट मनगटाला त्रास देते, हेही ध्यानात ठेवावे.

आणि दुखत असेल तर बॅट बदलण्याआधी खेळ थांबवा. कोपर किंवा खांदा दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखला, रात्री झोपमोड होऊ लागली, हात वर जाईना किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर डॉक्टरांना दाखवा. वेळेवर आलेल्या बहुतेकांचे विश्रांती आणि व्यायामोपचारांवर भागते.

एकाला गुण आलेले औषध दुसऱ्याला तसेच चालेल, असे नसते. वजन, वय, साखर, मूत्रपिंड पाहून मात्रा ठरते. बॅटचीही मात्रा अशीच ठरवावी. साठाव्या वर्षीही ज्या बॅटने तुम्ही दुखल्याखुपल्याशिवाय आठवड्यातून चार दिवस खेळू शकता, तीच तुमच्यासाठी सर्वांत भारी बॅट. हॉलमध्ये तिचे नाव कुणी विचारले नाही तरी बिघडत नाही.